रोशनचा बॅनर आणि उडवलेली एक्सपी

मंगळवारी सकाळी दुकान उघडलं, कॉम्प्युटर चालू केला आणि काळ्या स्क्रीनवर पांढऱ्या अक्षरांत एकच ओळ... सुरू होण्यासाठी लागणारी फाईल सापडत नाही. बंद करून पुन्हा चालू केला. पुन्हा तेच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, पनवेलला आमचं फ्लेक्स बॅनरचं दुकान आहे. त्या मशीनमध्ये दोन विंडोज होत्या, जुनी एक्सपी आणि नवी सेव्हन. रोज सकाळी ‘कोणती हवी?’ म्हणून विचारत बसायचं, आणि मी आधीच तापट... सोमवारी वैतागून एक्सपी उडवून टाकली. काही फायली जाता जाईनात, सारखी परवानगी मागत होत्या. हो बाई हो, म्हणत त्याही उडवल्या.

केवढी जागा मोकळी झाली म्हणून खूश होऊन घरी गेले होते. आता बसा बोंबलत!

तेवढ्यात गव्हाणचे हरिश्चंद्रदादा दारात. गेल्या महिन्यात त्यांच्या मुलाचा, रोशनचा, वाढदिवसाचा बॅनर आम्हीच केला होता. मी आपली सवयीने बोलून गेले, “या दादा, आज कोणाचा वाढदिवस?”... आणि मग त्यांच्या डोक्याकडे लक्ष गेलं. केस काढलेले होते.

रोशन गेला होता. उरण रोडला बाईक ट्रेलरखाली आली. मोबाईलही त्याच्याबरोबरच चिरडला, आणि त्याचे सगळे फोटो त्यातच होते.

गुरुवारी दहावं होतं आणि घरात धड फोटो नव्हता. एक शाळेतला, त्यात तो ओळखूही येत नाही. मित्रांच्या मोबाईलवरचे सगळे गॉगल लावलेले, नाहीतर घोळक्यात अर्धा चेहरा. आम्ही दिलेला बॅनर नंतर लाकडं झाकायला टाकला होता, आणि तो नेमका तोंडावर फाटला होता.

“ताई, तुमच्याकडं हाय ना तो फोटो? नाय म्हणू नका.”

आहे, मी म्हणाले. त्या काळ्या स्क्रीनसमोर उभं राहून म्हणाले. कामं सीडीवर काढून ठेवायचं मी रोज उद्यावर ढकलत आले होते, त्यामुळे तो फोटो जगात फक्त त्या बंद पडलेल्या मशीनमध्ये होता.

खारघरहून हार्डवेअरवाल्याला बोलावलं. त्याने बघितलं न बघितलं आणि म्हणाला, मॅडम, फॉरमॅट मारावं लागेल, डेटाची गॅरंटी नाही. या लोकांकडे एकच औषध. सर्दीला फॉरमॅट, तापाला फॉरमॅट! त्याने सीडी काढली तशी मी ती त्याच्या हातातून हिसकावून घेतली. खबरदार हात लावलास तर, असं काहीतरी ओरडले. तो बिचारा बॅग उचलून गेला. दादा दाराशी स्टुलावर बसून सगळं ऐकत होते.

त्यांना बसायला सांगून शेजारच्या सायबर कॅफेत गेले आणि शोधत बसले. तिथे उलगडा झाला. सेव्हन डी ड्राइव्हमध्ये शाबूत होती, आमची कामंही तिथेच. पण मशीन चालू होताना सेव्हनला जी फाईल उठवते, ती एक्सपीच्या सी ड्राइव्हमध्ये होती. परवानगी मागत होती ना, तीच. घर जागेवर होतं, दार मीच उपटून फेकलं होतं.

सेव्हनची डीव्हीडी घातली आणि दुरुस्तीचा पर्याय निवडला. काही झालं नाही. पुन्हा केलं, पुन्हा काळी स्क्रीन... देवा, बाकीची सगळी कामं गेली तरी चालतील, तो एक फोटो ठेव, असं मी खरंच तोंडाने म्हणत होते. कितव्यांदा तरी केल्यावर स्क्रीन उजळली आणि मला एकदम रडूच आलं.

फाईल उघडली. डोक्यावर मुकुट, बाजूला केक, आणि मधोमध हसरा रोशन. वर पिवळ्याधमक अक्षरांत ‘वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’. मी म्हटलं, दादा, तुम्ही जरा बाहेर बसा, मी करते. नाय म्हणाले. स्टूल ओढून माझ्या शेजारीच बसले.

मुकुट काढला. केक काढला. वरची ओळ बदलली. खाली शुभेच्छुकांची रांग होती, त्याचे मित्र आणि कोपऱ्यात स्वतः दादा, सगळ्यांचे हात जोडलेले. ती रांग पुसायला गेले तर त्यांनी माझा हात धरला. राहू दे म्हणाले, हीच पोरं होती खांद्याला. मग मी चेहरे तसेच ठेवले आणि ‘शुभेच्छुक’ होतं तिथे ‘शोकाकुल’ लिहिलं. जोडलेल्या हातांना हात लावायची गरजच पडली नाही.

बॅनर छापून गुंडाळून दिला. दादा दारापर्यंत गेले आणि परत आले.

“ताई, तो वाढदिवसाचा पन एक काढा. होता तसाच. मुकुटासकट.”

मी जुनी फाईल पुन्हा उघडली.

“घरात लावतो. या टायमाला लाकडांवर नाय टाकनार.”

काढून दिला. आज दुकान बंद ठेवलंय. मशीनमधला एकेक चेहरा सीडीवर उतरवत बसलेय. फोटोतले सगळे हसतायत... हसत राहा रे बाबांनो. तुमच्यातला एकही चेहरा मला पुन्हा असा शोधायला लागू नये, एवढंच.