चार काड्यांचा बशा

पुंडलिकराव बोलायच्या आधी डावा डोळा मिटतात. मग जीभ टाळूला लावून 'च्यक्' करतात, आणि मग नाकातून पहिला शब्द येतो. तो बहुतेक वेळा 'नाई' असतो. वडनेरात त्यांची नक्कल करणारे पुष्कळ आहेत, पण सगळे थेट 'नाई'वर उडी मारतात आणि तिथंच फसतात. डोळा, च्यक्, मग नाई. एवढा क्रम पाळला की पाठमोरा माणूससुद्धा "काय म्हणता पुंडलिकराव?" म्हणत वळतो.

तीस-बत्तीस वर्षं ते बैल पारखत आले. धंदा म्हणता येणार नाही, कारण त्याचा मेहनताना एक चहा आणि तंबाखू-सुपारीचा एक खर्रा. गावात कोणाला बैल घ्यायचा असला की तो पुंडलिकरावांना सोबत घेऊन बाजारात जायचा. ते दात पाहत, खूर पाहत, कातडीला चिमटा काढून ती किती वेळात जागेवर बसते ते पाहत. शेवटी बैल गाडीला जुंपून नाल्यातून चालवून आणत. नाल्यातून चालवल्याशिवाय हो म्हणायचं नाही, हा नियम. आणि एकदा हो म्हटलं की पुढं आठ दिवस त्यांची जबान. आठ दिवसांत बैलानं दगा दिला, तर पुंडलिकराव स्वतःच्या गोठ्यातला बैल सोडून त्या माणसाच्या दारात नेऊन बांधणार. अशी वेळ एकदाही आली नव्हती, आणि ती आली नाही हे ते दर पोळ्याला सांगत.

बैलांत सगळ्यात वाईट जात म्हणजे बशा. दिसायला गोटीबंद, दात बरोबर, चाल बरोबर. पण भर कामात, काही कारण नसताना, मटकन खाली बसतो. मग शेपटी पिळा, नाहीतर हात जोडा.

"मारका परवडला," पुंडलिकराव म्हणत. "मारका सांगून मारते. बशा काई सांगत नाई."

पुढं ट्रॅक्टर आले. बैल घेणारे कमी झाले, आणि पुंडलिकरावांचा डावा डोळा दिवस दिवस उघडाच राहू लागला.

तो पुन्हा मिटायला लावला मधुकरराव मास्तरांनी, दोन हजार पाचच्या सुमारास. मास्तरांना मोबाइल घ्यायचा होता. जाता जाता ओट्यावर बसलेल्या पुंडलिकरावांना म्हणाले, "चला हिंगणघाटले. फोनचे दात पाहून द्या." मास्तर थट्टा करत होते. पुंडलिकराव उठले, दुपट्टा खांद्यावर टाकला आणि एसटीत मास्तरांच्या आधी चढले.

हिंगणघाटला ओमप्रकाशचं दुकान होतं. वडिलांच्या कापडाच्या दुकानाचा पुढचा अर्धा भाग काचा लावून त्यानं मोबाइल शॉपी केली होती. ओमप्रकाशची नक्कल सोपी. मान एकाच बाजूला झुकवायची आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'एकच नंबर' म्हणायचं.

"काकाजी, हा पीस पाहा. कलर डिस्प्ले, कॅमेरा, एकच नंबर!"

पुंडलिकरावांनी फोन तळहातावर घेतला, हात दोनदा वरखाली केला. डोळा. च्यक्. "नाई. पोकळ हाय."

"अरे काकाजी, कॅमेरा आहे त्याच्यात."

"फोटो कोनाचा काढू? कोळपायच्या डवऱ्याचा?"

मग ते फोन घेऊन दुकानाबाहेर भर उन्हात जाऊन उभे राहिले. मागून ओमप्रकाश धावला, त्याला वाटलं म्हातारा पळाला. उन्हात रंगीत पडदा काळाठिक्कर पडला होता. "पाह्य," पुंडलिकराव म्हणाले, "वावरात उभं राहून फोन आला तं कोन हाय, सावकार हाय का जावई हाय, काई समजत नाई. घरात बसून पाह्याची नवरी हाय हे."

घडीचा फोन त्यांनी उघडून मिटून पाहिला. "मानेत ढिला हाय. सहा महिन्यांत मुंडकं हातात येईन." खालून बटणं सरकणारा फोन पाहून ते मागंच सरकले. "हा तं आत्ताच जीभ काढून राह्यला." शेवटी त्यांनी कोपऱ्यातला एक साधा, टॉर्चवाला फोन उचलला. बटणांवर एकच सलग रबर, म्हणजे कापसाची धूळ आत जायची सोय नाही. पडदा काळापांढरा, उन्हात जास्तच ठळक. गावात बारा तास वीज नसली तरी तीन-चार दिवस चालणारा. खोट एवढीच की रिंग बारीक.

"आवाजानं गरीब हाय," पुंडलिकराव म्हणाले, "पन घराण्याचा हाय."

भाव ठरवायला त्यांनी ओमप्रकाशचा हात दुपट्ट्याखाली ओढला आणि बैलबाजारातल्यासारखी बोटं दाबली. ओमप्रकाश खो खो हसायला लागला. "काकाजी, गुदगुल्या होऊन राह्यल्या!" मग तोंडानंच भाव झाला. पण हो म्हणायच्या आधी नाला होताच. फोन एक दिवस आणि एक रात्र गिऱ्हाइकाच्या घरी, त्याच्या वावरात, चार्जर न लावता चालवायचा. ओमप्रकाशनं कपाळावर हात मारला, पण फोन दिला. मास्तरांचा फोन नाल्यातून नीट पार पडला आणि त्या महिन्यात पुंडलिकरावांना सात चहा मिळाले.

तीन वर्षांत वडनेरातला आणि आसपासच्या खेड्यांतला एकही फोन त्यांच्या तळहातावरून गेल्याशिवाय कोणी घेतला नाही. चालता चालता बंद पडणाऱ्या बॅटरीला त्यांनी 'बशा' नाव दिलं आणि ते नाव एवढं चाललं की पोरंही म्हणत, "फोन लावतो, पन माहा बशा हाय, अर्ध्यात बसला तं राग नको मानजो." त्यांनी स्वतःसाठीही एक टॉर्चवाला घेतला होता. त्यावर कोणाचा फोन येत नसे, पण तो खिशात असे.

मग दोन हजार आठच्या पोळ्याआधी रुख्माबाई आल्या.

रुख्माबाईंचा मुलगा धनंजय नागपूर-हैदराबाद ट्रकवर ड्रायव्हर होता. पाच-सहा दिवसांनी त्याची फेरी वडनेर फाट्यावरून जायची. ट्रक गावात आणायची मालकाची परवानगी नव्हती. थांबायचं ते फाट्यावरच, फार तर पाच मिनिटं. तो वाटेवरच्या जाम गावच्या चौकातून मास्तरांच्या घरच्या तारेच्या फोनवर निरोप द्यायचा, मास्तरांची बायको हाक मारायची, आणि ट्रक पोचेपर्यंत रुख्माबाई भाकरी थापून, डबा बांधून फाट्यावर. आईनं मुलाला पाहायचं ते एवढंच. आता तारेचा फोन पंधरवड्यापासून मेला होता, मास्तरांचा मोबाइल दिवसभर त्यांच्यासोबत शाळेत असे, आणि दोन फेऱ्या तशाच निघून गेल्या होत्या. पोळ्याच्या दिवशी धनंजय पुन्हा जाणार होता.

"मले एक असा फोन पाह्यून दे भाऊ," रुख्माबाई म्हणाल्या. "जामवरून त्याचा मिसकॉल आला की मले समजला पाह्यजे. बाकी मले काई नाई पाह्यजे."

अडचण एकच होती. रुख्माबाईंना कमी ऐकू येई. त्यांच्याशी बोलणारा माणूस आपोआप ओरडू लागायचा, आणि त्या शांतपणे म्हणायच्या, "ओरडून काऊन राह्यला? म्या काई बहिरी नाई."

दुकानात गर्दी होती. ओमप्रकाशनं खालून एक नवा चायना काढला. विटेएवढा जाड, मागं चार स्पीकर, बाजूला लाल-निळे दिवे. त्यानं रिंग वाजवली तेव्हा समोरच्या किराणा दुकानातलं मांजर पोत्यावरून खाली पडलं.

"हा आला मले ऐकू!" रुख्माबाई म्हणाल्या.

पुंडलिकरावांनी फोन तळहातावर घेतला. हात खालीच गेला. एवढा जड फोन त्यांनी आजवर तोलला नव्हता. "भरला हाय," ते स्वतःशीच म्हणाले. "पन चालवून पाहा लागन. एक दिवस-रात."

"काकाजी," ओमप्रकाश गर्दीला ऐकू जाईल असं म्हणाला, "तुमचा हात म्हणजे काटा. अख्खं हिंगणघाट म्हणते. आता तुम्हालेबी नाला लागते का?"

लोक हसले. कोणी तरी म्हणालं, "सांगून टाका पुंडलिकराव." रुख्माबाई म्हणाल्या, "पोळा चार दिवसांवर हाय भाऊ, फेरा नको घालू."

पुंडलिकरावांनी डावा डोळा मिटला आणि म्हणाले, "हो."

मधलं च्यक् राहिलं होतं. त्यांना अजून कोणी हे सांगितलेलं नाही.

रुख्माबाईंना वाचता येत नव्हतं, पण चारपर्यंत मोजता येत होतं. बॅटरीच्या चार काड्या असल्या की फोनचं पोट भरलेलं, हे ओमप्रकाशनं शिकवलं होतं. नवा नंबर मास्तरांनी ट्रकमालकाकरवी धनंजयपर्यंत पोचवला होता. पोळ्याच्या सकाळी त्यांनी मोजल्या. चार. पुरण शिजत घातलं, फोन चुलीजवळच्या फळीवर ठेवला आणि दर थोड्या वेळानं मोजल्या. चार. चार. चार. दुपार कलली तरी रिंग नाही, म्हणून त्यांनी पुन्हा पाहिलं, तर एकही काडी नाही. पडदाच नाही. बटण दाबलं, चार्जर लावला, पण वीजही नव्हती.

जामवरून धनंजयनं सहा वेळा लावला होता. सहाही वेळा ती गोड आवाजाची बाई त्याला सांगत राहिली, की आपण डायल केलेला नंबर सध्या बंद आहे, कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा. फाट्यावर त्यानं दहा मिनिटं ट्रक उभा ठेवला, हॉर्न वाजवला, मग गेला. हे फाट्यावरच्या पानठेलेवाल्यानं संध्याकाळी गावात येऊन सांगितलं.

त्या वेळी पुंडलिकराव दारात बैलजोडीची पूजा आटोपून दर पोळ्याचं ते वाक्य सांगायच्या तयारीत होते. शिंगांना रंग, पाठीवर झूल, भोवती दहा-बारा माणसं. रुख्माबाई आल्या. त्यांनी फोन बैलांसमोरच्या पुरणपोळीच्या ताटाशेजारी ठेवला.

"पुंडलिकभाऊ, तुहा बैल बसला."

कोणी हसलं नाही.

"काड्या किती होत्या?" पुंडलिकरावांनी विचारलं.

"चार."

"मंग?"

"चारच्या चार दाखवत बसला. काई सांगतलं नाई त्यानं."

पुंडलिकरावांनी सुरीच्या टोकानं फोनचं मागचं झाकण उचकटलं. बॅटरी बाहेर आली, ती वाळल्या पानासारखी हलकी. तिच्या खालचं प्लास्टिक निघालं, आणि त्याखाली गोंदानं चिकटवलेली, अंगठ्याएवढी लोखंडाची पट्टी होती. तिला ना तार, ना स्क्रू. काम काही नाही, फक्त वजन. त्यांनी एका तळहातावर पट्टी घेतली आणि दुसऱ्यावर उरलेला फोन. दोन्ही हात तोलले. फोनचा हात वर गेला.

ते तसेच उभे होते, दोन्ही हात पसरून. बैलानं तेवढ्यात ताटातली एक पुरणपोळी उचलली.

मग त्यांनी खिशातून स्वतःचा टॉर्चवाला काढला, त्यातलं सिम काढून बंडीच्या खिशात टाकलं, रुख्माबाईंचं बसवलं आणि फोन पुढं केला. "घे. आठ दिवस झाले नाई अजून. जबान म्हंजे जबान."

"पन याची रिंग बारीक हाय. तूच सांगतलं होतं मास्तरले."

हे खरं होतं.

रुख्माबाईंनी फोन उलटसुलट करून पाहिला. "हा थरथरते का?"

"थरथरते. पन त्यानं काय होईन?"

"काय होईन म्हंजे? कान गेले भाऊ, कातडं शाबूत हाय माहं."

त्याच संध्याकाळी त्यांनी जुन्या लुगड्याच्या काठाची पिशवी शिवली, तिला काळा गोफ लावला आणि फोन गळ्यात बांधला. आंघोळ सोडली तर तो उतरत नसे.

ओमप्रकाशनं दुसऱ्या दिवशी पट्टी पाहून खरोखरच आ वासला. "काकाजी, आईशपथ, मले माहीत नोतं. चायनाचं असंच असते. चला तो चला, नाई तं नाई." पुंडलिकरावांनी फोन काचेवर ठेवला, पट्टी मात्र परत खिशात घातली.

पुढची फेरी सहा दिवसांनी होती. त्या सकाळपासून पुंडलिकराव फाट्यावर होते. पानठेलेवाल्यानं विचारलं तर म्हणाले, खर्रा घ्याले आलो. त्यांनी चार खर्रे घोटवले. त्यांच्याजवळ फोन नव्हता, त्यामुळं जामवरून मिसकॉल आला की नाही हे कळायला मार्ग नव्हता. ते गावाकडच्या रस्त्याकडं पाहत, मग हिंगणघाटच्या बाजूला, मग परत गावाकडं.

अकराच्या सुमारास रुख्माबाई दिसल्या. एका हातात डबा, दुसरा हात गळ्यातल्या पिशवीवर. हातांना पीठ तसंच.

"आला?" पुंडलिकराव लांबूनच ओरडले.

"ओरडून काऊन राह्यला?" रुख्माबाई म्हणाल्या. "आला. भाकर थापता थापता असा थरथरला, मले वाटलं विंचू शिरला."

ट्रक आला, थांबला. धनंजय खाली उतरला, आईच्या पाया पडला. रुख्माबाईंनी पिठाच्याच हातानं त्याचं तोंड कुरवाळलं, बारीक झाला म्हणून दोन शिव्या दिल्या, डबा दिला, रिकामा डबा घेतला. पाच मिनिटांतली चार अशी गेली. मग धनंजयनं खिशातून एक चकचकीत फोन काढून पुंडलिकरावांपुढं धरला.

"काका, हा घेतला मागच्या फेरीत हैदराबादले. पाहा ना, कसा हाय?"

पुंडलिकरावांचा तळहात पुढं गेला, पसरला. फोन त्यावर ठेवला जाणार तेवढ्यात त्यांनी तो मिटला आणि बंडीच्या खिशात घातला, जिथं पट्टी होती.

डोळा. च्यक्.

"आधी पोट उघड त्याचं," ते म्हणाले.