नानांच्या इंजिनातली खोट

माझ्या बायकोलाही हे ठाऊक नाही. तिला वाटतं, नानांचं विमान गेल्यापासून मी त्या विषयावर बोलत नाही ते वाईट वाटतं म्हणून. वाईट वाटतंच — पण गप्प राहण्याचं कारण ते नाही. तुमची-माझी ओळख नाही. म्हणून कदाचित सांगणं जमेल. बघू.

नाना म्हणजे परभणीजवळच्या पिंगळी गावचे दिगंबरराव. हवाई दलात विमानं दुरुस्त करण्यात उमेदीची वर्षं गेली. निवृत्त होऊन गावी आले, शेती बघू लागले, अधूनमधून जाऊन विमान चालवायलाही शिकून आले. आणि मग शेतातल्या पत्र्याच्या शेडमध्ये स्वतःचं विमान बांधायला घेतलं. दोन माणसांचं. लोक आधी हसले. नंतर घरी पाहुणे आले की तेच लोक त्यांना विमान दाखवायला घेऊन येऊ लागले. इंजिन एका जुन्या जपानी गाडीचं होतं, रोटरी. त्यात वरखाली होणारे पिस्टन नसतात, पोटात दोन तिकोनी रोटर गरगरत असतात. नानांनी ते पूर्ण खोललं आणि स्वतःच्या हातांनी परत बसवलं.

आणि मी? मी पुण्यात एका कंपनीत इंजिनांच्या इंधनाचं गणित बसवायचो. वडील आजारी पडले म्हणून परभणीला परत आलो, गॅरेज टाकलं. अशा इंजिनात कुठल्या क्षणी किती पेट्रोल सोडायचं ते एक छोटा संगणक ठरवतो, आणि त्याला आकड्यांचा एक तक्ता द्यावा लागतो. नानांच्या इंजिनाचा तो तक्ता मी केला. लोखंड-लाकडाचं काम त्यांचं, आकड्यांचं माझं. त्यांनी माझ्या लॅपटॉपमध्ये कधी डोकावलं नाही. गावात मला लोक ‘विमानवाले’ म्हणायला लागले होते — आणि मला ते आवडायचं. लय आवडायचं. हेही सांगायला पाहिजे.

या इंजिनात एक अवघड जागा असते. हळू चालताना पेट्रोल फवारणारे लहान इंजेक्टर पुरतात, वेग वाढला की मोठे त्यांना येऊन मिळतात. ते मिळतात त्या क्षणी इंजिन ठेचकाळतं. ती ठेच काढण्यात माझा हिवाळा गेला. विमानाची शेपूट साखळीने ट्रॅक्टरला बांधायची, नाना आत बसून वेग वाढवायचे, मी बाजूला उभा राहून आकडे बदलायचो. आणि एका दुपारी ठेच गेली. तळापासून वरपर्यंत एकसारखा, सलग आवाज. नानांनी इंजिन बंद केलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “तू हो म्हणलास की मी उडतो. तुह्या शब्दावर.”

नानांच्या बायकोने, काकूंनी, चहा दिला. निघताना फाटकापर्यंत आल्या आणि हळूच विचारलं, वर गेल्यावरबी चालंल ना ते? मी हो म्हणालो.

त्या ‘हो’नंतर माझं काहीतरी बिघडलं. जमिनीवर बांधलेलं इंजिन वेगळं आणि हवेतलं वेगळं — वरचा वारा, वरची उष्णता, चढताना पडणारा भार, यातलं काहीच मी तपासलेलं नव्हतं. ते बंद पडलं तर? नाना कापसाच्या रानात पडले तर? पण खरं सांगू — माझ्या डोळ्यांपुढे नाना नव्हते. डोळ्यांपुढे मी होतो. लोक माझ्याकडे बोट दाखवतायत, काकू माझ्याकडे बघतायत. मला एवढंच म्हणायचं होतं, की नाना, माझी माझ्या कामावर खात्री नाही, आणखी कुणाला तरी दाखवू. एक वाक्य. ते का नाही निघालं तोंडातून? ‘विमानवाले’ होतो ना मी.

उड्डाणाच्या परवानगीआधी इंजिन बघायला पुण्याहून एक जाणकार गृहस्थ येणार होते. त्या सकाळी मी लवकर गेलो. नाना आंघोळीला गेले होते. मी लॅपटॉप जोडला आणि त्या अवघड जागेचे आकडे बदलले. पेट्रोल कमी केलं, थोडंसंच — पाहुण्यांनी ‘नाही’ म्हणावं, उड्डाण टळावं, एवढंच. पूर्ण वेगाच्या आकड्यांना हात लावला नाही. तिथे पेट्रोल कमी पडलं तर इंजिन खराब होतं. इंजिनाची एवढी काळजी घेतली मी.

पाहुण्यांसमोर नानांनी वेग वाढवला आणि मधेच इंजिन खोकलं. फटकन आवाज झाला, पंख्याचा वेग पडला. पुन्हा केलं, पुन्हा तेच. पाहुण्यांनी मला विचारलं, इंधनाचं काय? मी म्हणालो, “आकडे मी तपासलेत. आत सीलमध्ये काहीतरी असावं, कॉम्प्रेशन बघावं लागेल.”

आत म्हणजे नानांनी बसवलेलं. हे वाक्य मला आधी सुचलेलं नव्हतं — तिथल्या तिथे आलं, किती सहज आलं.

 दुसऱ्या दिवशी नानांनी इंजिन खोललं. रोटरच्या कडांचे सगळे सील बदलले, परत बसवलं. मी लॅपटॉप जोडला, ठेच तशीच. परत खोललं. पुन्हा तशीच. प्रत्येक वेळी ते आकडे माझ्या बोटाखाली होते, आणि प्रत्येक वेळी मी स्क्रीनकडे बघून मान हलवली. का? पहिल्यांदा भीतीने. नंतर — नंतर आधीचं खोटं उघडं पडेल म्हणून.

नाना बदलत गेले. आवळलेला नट पुन्हा पुन्हा आवळून बघायचे. “माह्या हाताला काय व्हायलंय, कळंना,” एकदा म्हणाले, आणि हात पालथे करून बघत राहिले. पुढे तर विहिरीवरच्या मोटारीचा फ्यूज बदलायलाही ते शेजारच्याला बोलवायला लागले. ज्या माणसाने हवाई दलाची विमानं जोडली, तो. काकूंनी मला हे हसत सांगितलं, आणि मी पण हसलो.

मग नानांची साखर वाढली, नजर अधू झाली, डॉक्टरांनी विमान चालवायला नाही म्हटलं. नानांनी ते सगळं एका इंजिनिअरिंग कॉलेजला देऊन टाकलं. ट्रकमध्ये चढवताना मी पंख धरला होता.

गेल्या वर्षी त्यांचा फोन आला. कॉलेजातल्या सरांनी तक्ता नव्याने लिहून इंजिन चालवलं होतं आणि व्हिडिओ पाठवला होता. नानांनी फोनवरच मला आवाज ऐकवला. तळापासून वरपर्यंत, सलग.

“चालायलंय की रे ते,” नाना म्हणाले. “न उघडता चालायलंय. म्हणजे मी बसवलेलं बरोबर होतं.”  मग विचारलं, “मग आपल्याकडं काय व्हायलं होतं रे?”

ती वेळ होती. त्यांनीच दार उघडून दिलं होतं — राग नाही, संशय नाही, नुसतं विचारत होते.

मी म्हणालो, “पेट्रोल खराब असंल नाना. भेसळ लय असते आपल्याकडं.”

“असंल,” नाना म्हणाले, आणि काकूंना हाक मारली, व्हिडिओ परत बघायला.