बाटलीतलं घरचं पाणी

गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही. माहेर सांगलीचं, आणि बोलण्यावरच पोट: तमिळ मुलखातल्या तांबरमच्या एका मुलींच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते. तरी यंदा पाण्याच्या कठीणपणाचा अभ्यासक्रम नव्याने आखला तेव्हा त्यातली माझी व्याख्यानंच काढून टाकली. मुलींनी आपापल्या घरचं पाणी बाटलीतून आणायचं, स्वतः तपासायचं आणि काय सापडलं ते मला तमिळमध्ये समजावून सांगायचं. माझं तमिळ भाजीबाजारापुरतं. त्यामुळे मला कळेपर्यंत त्यांना सोपं करत राहावं लागे, आणि त्या खटाटोपात ते त्यांच्याच डोक्यात पक्कं बसे. या युक्तीचा मला भारी अभिमान होता. अजूनही आहे.

विभागप्रमुखांना हा पोरखेळ वाटला. "मग मॅडम, शिकवणार कोण?" त्यांनी विचारलं. शुक्रवारी ते वर्गात येऊन बसणार होते. पटलं नाही तर पुढच्या सत्रापासून पुन्हा मी नोट्स सांगायच्या आणि मुलींनी उतरवून घ्यायच्या.

शुक्रवारी नंबर लागला वर्गातल्या सगळ्यात अबोल मुलीचा. तिच्या घरी बोअरचं पाणी. काचेच्या नळीतून थेंब थेंब औषध सोडत तिने रंग घालून लालसर केलेलं पाणी निळं केलं; औषध जितकं जास्त लागेल तितकं पाणी कठीण. तेवढ्यात सरांनी इंग्रजीत विचारलं, "पाणी उकळलं की कठीणपणा जातो ना?"

तिने माझ्याकडे पाहिलं. अख्ख्या वर्गाने पाहिलं. उत्तर माझ्या अगदी ओठांवर होतं. ते गिळलं. मी खिडकीबाहेर बघू लागले.

मग ती मलाही कळेल अशा सोप्या तमिळमध्ये बोलू लागली. "आमच्याकडचा पूर्ण जात नाही, सर. उकळलेल्या पाण्यातही अम्माच्या साबणाला फेस येत नाही. म्हणून काल उकळून परत तपासलं. थोडाच कमी झाला." तिने दुसरी बाटली पुढे केली. "हे उकळलेलं. तुम्हीच बघा, सर."

सरांनी बाह्या दुमडल्या. तास संपला तरी ते त्या नळीपाशीच होते. जाताना मला ओलांडून तिच्याकडे वळले. तिला म्हणाले, "सोमवारी अड्यारहून माझ्या घरचं पाणी आणतो. मला शिकवशील?"

तेवढं तमिळ मला कळलं.