खरा गोवर

रत्ना शिवणकाम करायची. चाळीसगावजवळच्या गावात ओट्यावर तिचं मशीन मांडलेलं असे. ब्लाउज टाकायला आलेल्या बाईचं माप घेता घेता ती लेकीचं कौतुक सांगायची. दिपमाला सात वर्षांची, दुसरीत होती.

तिला एकदा शाळेत फिट आली, मग घरीही आली. चाळीसगावच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. "एकही गोळी चुकवू नका, आणि अंगावर पुरळ दिसलं तर लगेच घेऊन या," असं त्यांनी बजावलं होतं. झटके थांबले. रत्नाला देव पावल्यासारखं झालं.

थोड्याच दिवसांत दिपमालाला ताप भरला. डोळे लालभडक झाले, ओठ सुजले, छातीवर तांबडे चट्टे उठले. गावात तेव्हा आणखी एकदोन लेकरांना गोवर निघाला होता. सासू कमलबाईंनी नातीच्या अंगावरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "गोवर शे तो. बठ्ठा पोरेसले येस. उतरी जाई." सगळ्याच पोरांना येतो तसा येऊन जाईल, असं त्यांना वाटलं. उशाशी कडुनिंबाचा पाला आला. डॉक्टर म्हणाले ते पुरळ हेच असेल, असं कुणाच्या मनातही आलं नाही. गोवर म्हटल्यावर गोवरच.

पोरीला पाणीही गिळवेना. तरी रत्ना गोळी कुटून मधात कालवायची आणि चाटवायची.

"माय, तोंडमा आग व्हस. नको ना."

"ले बेटा, नही ते परत फिट ई जाई."

लेक रडत रडत चाटायची. मग चट्ट्यांचे फोड झाले. एका सकाळी फ्रॉक काढताना पाठीची कातडी कापडाला चिकटून आली, तेव्हा रत्ना किंचाळली. नवरा गिरधर कापसाच्या जिनिंग कारखान्यावरून धावत आला, गाडी केली आणि सगळे धुळ्याला मोठ्या दवाखान्यात पोचले.

तिथल्या बालरोगाच्या डॉक्टरीणबाईंनी पोरीचे ओठ पाहिले, डोळे पाहिले आणि वळून विचारलं, "अलीकडे काही नवीन औषध सुरू केलं होतं का?"

रत्नाने पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढून दाखवलं. "एकही चुकवली नाही, मॅडम. आज सकाळीही दिली."

बाई हलक्या आवाजात म्हणाल्या, "ताई, हा गोवर नाही. हे औषध तिच्या अंगाला उलटलंय."

गोळ्या तत्काळ बंद झाल्या. भाजलेल्या माणसासारखी तिची शुश्रूषा झाली. पण उघड्या पडलेल्या अंगातून जंतू रक्तात शिरले होते. दिपमाला गेली.

डॉक्टरीणबाईंनी रत्नाला शेजारी बसवून समजावलं. औषध बरोबरच दिलं होतं, एखाद्याच लेकराच्या अंगाला ते असं उलटतं, सुरुवातीला ते गोवरासारखं दिसतं आणि डॉक्टरसुद्धा फसतात. तुमची चूक नाही, असं त्या पुन्हापुन्हा म्हणाल्या. रत्ना मान हलवत राहिली. तिला एवढंच कळत होतं की लेक नको म्हणत होती आणि आपण चाटवत होतो.

त्या धावपळीत धाकट्या लेकाची, नवलची, गोवराची दुसरी लस राहून गेली. पुढे कुणी सुई म्हटलं की रत्ना उठून आत जायची. गिरधरनेही जोर केला नाही.

दोन वर्षांनी नवलला सर्दी-खोकला झाला, ताप चढला आणि कानामागे पुरळ उठलं. गिरधर तापाचं औषध घेऊन पुढे झाला, तर रत्नाने पोराचं तोंड तळहाताने झाकून धरलं. "काहीच देऊ नका. त्याच बाईंकडे चला."

धुळ्याला त्याच डॉक्टरीणबाईंनी नवलला तपासलं. पुरळ कुठून सुरू झालं, आधी खोकला होता का, कुठलं औषध दिलं का, सगळं विचारलं. बॅटरीच्या उजेडात गालाच्या आतले बारीक पांढरे ठिपके पाहिले. तपासणीसाठी रक्त पाठवलं. अ जीवनसत्त्वाचा डोस त्यांनी स्वतः पाजला. रत्ना भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"घाबरू नका, रत्नाताई," बाई म्हणाल्या. "लक्ष ठेवावं लागेल, पण हा गोवरच दिसतोय. पोरगा बरा होईल."

"खरा गोवर?"

"हो. खरा."

रत्ना खाली फरशीवरच बसली. दिपमालाला नेलं तेव्हा ती रडली नव्हती, नंतरच्या दोन वर्षांतही कुणी तिला रडताना पाहिलं नव्हतं. आता तिने पदर तोंडात कोंबला तरी हुंदका बाहेर पडलाच.

"मग माझ्या दिपूलाच का नाही आला हो हा?"

खुर्ची सोडून डॉक्टरीणबाई तिच्याजवळ फरशीवर येऊन बसल्या. बाहेर रांगेतली लेकरं रडत होती.

नवल बरा झाला. अंगावरचं पुरळ मावळलं, भूक लागली, अंगणात पळू लागला. रत्ना अजून शिवते. नवल कधी आजारी पडला की औषध गिरधर देतो, आणि पोर ते गिळेपर्यंत ती परसात जाऊन उभी राहते.