बटाटे उकडेपर्यंत

म्युनिकमध्ये माझ्या समोरच्या घरात राहणारे गृहस्थ जमिनीत रुतलेले, न फुटलेले बॉम्ब शोधायचं काम करत. युद्ध संपून दहा-बारा वर्षं झाली, तरी त्यांचं काम संपत नव्हतं. माणूस तिरसट. प्रत्येक वाक्य ‘आल्झो’ने, म्हणजे जर्मनमधल्या ‘तर मग’ने, सुरू करायचे आणि निघताना निरोप कधीच घ्यायचे नाहीत.

आईने पाठवलेली मेथी मला परसात पेरायची होती. “आल्झो, आधी जमीन तपासू,” म्हणाले. रविवारी माझी घरमालकीण चर्चला गेल्यावर ते धातू शोधायचं यंत्र घेऊन आले. कोपऱ्यात यंत्र किंचाळलं. त्यांनी शांतपणे आपल्या घराची किल्ली माझ्या हातात ठेवली.

“आल्झो, माझ्याकडे जाऊन सात बटाटे उकडायला ठेवा. चार माझे, तीन तुमचे. खिडकीशी उभं राहू नका.”

बटाटे शिजले, सालं सुटली. गॅस बंद करायला माझा हात धजेना. बंद केला, तर त्यांची यायची वेळ टळून गेली हे कबूल केल्यासारखं झालं असतं.

अखेर दार वाजलं. त्यांच्या हातात मातीने माखलेली एक गंजलेली किटली होती. ती बाजूला ठेवून ते पातेल्यात डोकावले आणि भडकले.

“आल्झो, हे बटाटे आहेत की लापशी? एवढंही जमत नाही?”

बोलणी खाऊन इतकं बरं मला कधीच वाटलं नव्हतं.