वसुलीवाल्यांचा सत्कार

आमच्या साडूंनी हार घातला नाही असा माणूस नाशिक जिल्ह्यात उरलेला नाही, आणि उरलाच असेल तर तो बिचारा त्यांच्या दुकानावरून कधी गेला नसेल. पंचवटीत त्यांचं फुलांच्या डेकोरेशनचं दुकान होतं. कुणाचा पोरगा दहावी सुटला, घाला हार. कुणी दवाखान्यातून घरी आला, घाला हार. एकदा गॅसवाल्याने टाकी वेळेवर आणली म्हणून त्याला दारातच शाल-श्रीफळ दिलं. तो बापडा टाकी खांद्यावर घेऊन तसाच उभा. माझ्या लग्नात तर भटजींच्या गळ्यात इतके हार पडले की मंगलाष्टकं आतून कुठून तरी ऐकू येत होती. "माणूस हार घालून घ्यायला वाकतो ना साडूभाऊ, तेव्हा लय गोड दिसतो," हे त्यांचं तत्त्वज्ञान. फोनची तीच तऱ्हा. पहिल्याच घंटीला, अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं, "बोला महाराज!" समोर कोण आहे याची चौकशी मागाहून.

असा माणूस कर्ज काढताना हिशेब करील, ही अपेक्षाच चूक. हौसेनं लायटिंग घेतलं, स्टेज घेतलं, वर टेम्पो. मग ऑर्डरी आटल्या, हप्ते थकले आणि वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. मेव्हणीला शिवीगाळ, दुकानापुढे आरडाओरडा. अहो, ओझरला माझ्या कारखान्यात फोन करून "तुमचा साडू चोर आहे" म्हणेपर्यंत मजल गेली. मी काय ऐकून घेतो होय! पण साडूंनी फोन तांदळाच्या डब्यात पुरला आणि "बोला महाराज" बंद झालं. त्यातच लेकीचा साखरपुडा ठरला. वसुलीवाल्यांचा निरोप आला, "आता पाहुण्यांसमोरच बोलू." त्या दिवशी हा माणूस माझ्यापुढे ढसाढसा रडला. "सायखेड्याचे पाहुणे सोयरीक मोडतील हो," एवढंच म्हणत होता.

मीच त्यांना ओढत एका वकीलबाईंकडे नेलं. बाई म्हणाल्या, "जिल्हा न्यायालयात नादारीचा अर्ज करा. आहे ते सगळं कोर्टापुढे मांडा. संरक्षणाचा हुकूम मिळाला की पैसे मागणाऱ्याने कोर्टात यायचं, तुमच्या दारात नाही."

साडूंचा चेहरा पडला. "म्हणजे दिवाळं? चारचौघांत तोंड कसं दाखवू?"

"आत्ता कुठे दाखवताय? फोन डब्यात आहे ना?" बाई फाडकन म्हणाल्या.

साडूंनी निमूट सही केली. काही लपवलं नाही. हार ओवायच्या सुयासुद्धा लिहून दिल्या. कोर्टाच्या खेपा झाल्या आणि साखरपुड्याच्या आधी हुकूम हातात पडला.

तरी वसुलीवाले आलेच. पाहुणे बसलेले, नवरीची ओटी भरून झालेली, आणि हॉलच्या दारात दोन दांडगे गडी. साडूंनी काय करावं? सरळ माइक घेतला! "आपल्या आनंदात सामील व्हायला खास पाहुणे आलेत. त्यांचा सत्कार करूया." टाळ्यांचा कडकडाट. ते दोघं गांगरून वाकले, तसे हार गळ्यात पडले. शाल, नारळ आणि नारळासोबत हुकुमाची प्रत. साडू हळूच म्हणाले, "वाचून घ्या महाराज. काय बोलायचं ते आता कोर्टात. जेवून जा मात्र." एकाने कागद वाचला, साहेबाला फोन लावला, "हो सर, कोर्टाचा शिक्का हाय," म्हणाला आणि दोघं मुकाट पंगतीला बसले. वा रे पठ्ठ्या!

होणाऱ्या व्याह्यांनी विचारलं, "कोण हो हे?" साडूंनी तिथल्या तिथे सगळं सांगून टाकलं, अगदी नादारीसकट. व्याह्यांनी ताट पुढे ओढलं. मग म्हणाले, "लपवलं असतं तर उठून गेलो असतो. आता सांगितलं ना, मग झालं. पुरी वाढा."

दुकान मात्र गेलं, टेम्पोही गेला. त्या जागी आता मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. तिथून जाताना मला भरून येतं. साडू दुसऱ्याच्या दुकानात पगारावर हार ओवतात आणि ते हार इतरांच्या हातून कुणाकुणाच्या गळ्यात पडतात. परवा मी त्यांना फोन लावला. पहिल्याच घंटीला, अख्ख्या फूलबाजाराला ऐकू जाईल असं, "बोला महाराज!"

मला बोलायचं काहीच नव्हतं. तेवढंच ऐकायचं होतं.