आत्याच्या मांड्यांचं माप

माझी आत्या पँट कापते. टेलरिंगच्या एकाच दुकानात पंचवीस वर्षं उभ्याने कटिंग केलंय तिने. तिथे तिला सगळे मास्तर म्हणतात. गेल्या वर्षी ती दुकानाच्या जिन्यावरून पडली आणि डावा पाय मोडला. प्लास्टर निघालं तेव्हा डावी मांडी उजवीपेक्षा दीड इंच कमी भरली. माप अर्थात तिनेच घेतलं. दुसऱ्याच्या टेपवर तिचा विश्वास कुठला!

व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी घरात सायकल चालवायला सांगितली, जागच्या जागी फिरणारी. सायकल आली आणि शेजारणींच्या सल्ल्यांना ऊत आला. एक म्हणे मांड्या जाड होतात, दुसरी म्हणे काड्या होतात.

"जाड झाल्या तर उजवी कुठे मावेल? बारीक झाल्या तर डावीचं उरणार काय?" आत्या म्हणाली.

मी फिस्सकन हसले. तिला हसू येत नव्हतं. मालक तिचं टेबल आणखी दोनच महिने राखून ठेवणार होते.

सायकलवरून उतरली की घामाघूम आत्या आधी टेप काढायची. दोन्ही मांड्या वाढलेल्या! सकाळी मोजावं तर पुन्हा होत्या तेवढ्याच. आठव्या दिवशी तिने हात टेकले. "ही सायकल मला उल्लू बनवतेय," म्हणाली आणि तिच्याकडे बघेचना. शेवटी मीच चिडून आत्याला बाईंकडे ओढत नेलं.

"अहो, व्यायाम झाल्या झाल्या स्नायू फुगतात, थोड्या वेळाने उतरतात," बाई म्हणाल्या. "फार जोर न लावता चालवलीत तर पायांचे खांब होत नाहीत. खंगलेला पाय हळूहळू भरेल, दुसरा फार तर जरा आटोपशीर होईल. माप राहू द्या. उभ्या किती वेळ राहता?"

ते आत्याने कधी मोजलंच नव्हतं.

उरलेले सात आठवडे तिने इमानेइतबारे पायडल मारलं. डावी मांडी तरी थोडी कमीच राहिली. कामाच्या पहिल्या दिवशी मालकांनी स्टूल पुढे केलं. "बसून कापलेली पँट बसकीच दिसते," म्हणत तिने ते सरकवून दिलं.

संध्याकाळी मी तिला आणायला गेले. सात पँट कापून ती टेबलाला धरून उभी होती.

"पाय दुखतायत गं."

"डावा?"

"दोन्ही," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. "अगदी सारखेच दुखतायत."